सव्वासहा तासांचा निराशावाद

भारतीय शेअर बाजाराच्या रोख विभागात सामान्य माणसाला निराश होण्याची मुभा सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत, म्हणजे सव्वासहा तास, दिलेली आहे. या अवधीत एखाद्या कंपनीविषयी त्याचे मत कितीही वाईट असले तरी ते त्याला पैशांनिशी मांडता येते. जवळ एकही शेअर नसताना तो त्या कंपनीचे दोनशे शेअर विकू शकतो आणि भाव पडल्यावर तेवढेच शेअर विकत घेऊन मधला फरक खिशात घालू शकतो. मात्र बाजार मिटण्याच्या आत त्याने हे मत मागे घ्यावे, म्हणजेच विकलेला प्रत्येक शेअर परत घ्यावा, अशी अट आहे. आशावादाला असे वेळापत्रक लागू नाही. आजोबांनी १९८६ साली घेतलेला शेअर नातवाने आजतागायत उराशी धरला आणि दरम्यान ती कंपनी, तिचा कारखाना व कारखान्याकडे जाणारा रस्ता ही तिन्ही नाहीशी झाली, तरी कोणतीही नियामक संस्था त्याला 'आता पुरे' असे म्हणत नाही.

वस्तू आधी विकावी आणि मग ती मिळवण्याच्या खटपटीला लागावे, या क्रमाला अर्थशास्त्रात शॉर्ट सेलिंग म्हणतात. दलाल स्ट्रीटवरचे जुने लोक त्याला मंदी करणे म्हणत आणि आता कल्याण-कर्जतच्या गाड्यांत त्याला 'शॉर्ट मारणे' म्हणतात. मराठी लोकपरंपरेला ही कल्पना नवी नसली तरी मान्य कधीच नव्हती. बाजारात तुरी असताना घरात भटणीला मारणाऱ्या भटाची या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या टर उडवली आणि हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर म्हणवणाऱ्याला पंगतीत कधी मानाचे पान दिले नाही. त्याच समाजातील सुशिक्षित तरुण आज हलवायाचे घर चालू भावाने विकून, हलवाई दुपारच्या झोपेतून उठण्याच्या आत ते स्वस्तात परत घेण्याच्या तयारीत असतो, आणि या उद्योगाला लागणारी परवानगी त्याला आधार, पॅन व रद्द केलेला एक धनादेश एवढ्यावर घरबसल्या मिळते.

या व्यवहाराचे गणित मूळचेच तिरके आहे. शंभर रुपयांना घेतलेला शेअर फार तर शून्यावर येतो, म्हणजे घेणाऱ्याचा तोटा शंभर रुपयांवर थांबतो आणि नफ्याला वर मोकळे आकाश असते. विकणाऱ्याचे नेमके उलटे होते, कारण कंपनी पार धुळीला मिळाली तरी त्याच्या पदरात शंभर रुपयांहून अधिक काही पडत नाही आणि ती भरभराटीला आली तर त्याने किती भरावे याला सीमा राहत नाही. एवढी जोखीम अंगावर घेणाऱ्याला समाजाने शूर म्हणावे, निदान वेडा म्हणून त्याची कीव करावी, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती गैर ठरणार नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणूनच पाहिले जाते. बाजार कोसळला की दुसऱ्या दिवशी गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी 'बुडाले' किंवा 'स्वाहा झाले' असे मथळे छापून येतात, परंतु बाजार चढत असताना हेच लाख कोटी कोठून आले याची चौकशी करावी असे कोणत्याही वृत्तपत्राला वाटत नाही. चढ हा निसर्गक्रम आणि उतार हे कोणाचे तरी कारस्थान, या समजुतीवर बाजाराचे सगळे नीतिशास्त्र उभे आहे.

हे नीतिशास्त्र चारशे वर्षांचे आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीशी बिनसलेला तिचा एक जुना संचालक आयझॅक ल मेर याने १६०९ साली ॲम्स्टरडॅम येथे काही साथीदार जमवून, हाती नसलेले कंपनीचे शेअर विकण्याचा सपाटा लावला. कंपनीने सरकारदरबारी गाऱ्हाणे नेले आणि भाव पडल्याने विधवा व अनाथ मुलांचे नुकसान होते, असा मुद्दा पुढे केला. भाव पडण्याचे कारण कंपनीचा ढिसाळ कारभार आहे, असे मंदीवाल्यांचे म्हणणे होते, पण विधवा व अनाथ यांच्यापुढे ढिसाळ कारभाराचा मुद्दा कोठेही टिकत नाही. फेब्रुवारी १६१० मध्ये जवळ नसलेले शेअर विकण्यास बंदी आली आणि व्यापाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. इंग्लंडने १७३४ साली असाच कायदा केला, तो १८६० पर्यंत पुस्तकात राहिला आणि सौदे पुस्तकाबाहेर चालू राहिले. पुढे जेथे जेथे शेअर बाजार निघाला तेथे तेथे भाव पडल्यावर मंदीवाल्यांवर बंदी घालण्याची प्रथाही पोहोचली. भाव फार चढले म्हणून तेजीवाल्यांना घरी बसवल्याचे उदाहरण शोधू जाता दमछाक होते.

मुंबईत दलालांची संघटना १८७५ साली स्थापन झाली आणि त्यानंतर जवळजवळ एकशेवीस वर्षे मंदी हा तोंडाने व हाताने करावयाचा धंदा होता. बाजाराच्या 'रिंग'मध्ये शेकडो दलाल व त्यांचे कारकून एकमेकांच्या अंगावर रेलून ओरडत. तळहात स्वतःकडे वळवला की घेणे आणि समोरच्याकडे वळवला की विकणे, एवढ्या खुणेवर हजारो रुपयांचे सौदे छोट्याशा वहीत टिपले जात. या पद्धतीचे दोष पुष्कळ होते, परंतु एक गुण असा होता की विकणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड पाहावे लागे. शिवाय सौदा निभावण्याचा दिवस उजाडल्यावर पैसे किंवा शेअर देण्याची तयारी नसेल, तर ठरावीक आकार देऊन तो पुढच्या मुदतीवर ढकलण्याची 'बदला' नावाची सोय होती. सामान्यतः हा आकार तेजीवाला भरी. शेअरचा तुटवडा पडला की तो मंदीवाल्याच्या मानेवर बसे आणि मग त्याला उंधा बदला म्हणत. १९८२ साली कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सच्या शेअरवर विक्रीचा मारा केला, कंपनीच्या हितचिंतक दलालांनी ती सगळी विक्री शांतपणे उचलली आणि मुदतीच्या दिवशी बदला नको, शेअरच पाहिजेत, असा हट्ट धरला. शेअर विकणाऱ्यांजवळ नव्हतेच. तडजोड होईपर्यंत मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला, आणि आधी विकून मग घेण्याच्या शास्त्रातील 'मग' हा भाग किती कठीण आहे, याचे प्रात्यक्षिक सर्व देशाने पाहिले. मार्च २००१ मध्ये बाजार कोसळल्यावर सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामक मंडळाने, मंदीच्या सौद्यांवर तात्पुरती बंदी आणली आणि त्याच वर्षीच्या जुलैत बदलाही कायमचा गेला.

दरम्यान यंत्र आले होते. अमेरिकेत इन्स्टिनेट या जाळ्याने १९६९ पासून मोठ्या संस्थांना बाजाराच्या इमारतीत न जाता आपसांत सौदे करण्याची सोय दिली होती आणि १९९० च्या दशकात अशा इलेक्ट्रॉनिक जाळ्यांवर घरबसल्या शेअर उलटसुलट करणारा किरकोळ सटोडिया तेथे जन्माला आला. भारतात राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर शेअरचे सौदे सुरू केले आणि पुढच्याच वर्षी दलाल स्ट्रीटच्या रिंगमधला कोलाहलही पडद्यावर गेला. आता विक्रीची ऑर्डर दलालाच्या संगणकात शिरते, तेथे पुरेसे तारण आहे की नाही याची तपासणी होते, आणि मग ती बाजाराच्या जुळणी यंत्रात जाऊन भाव आधी व वेळ नंतर या क्रमाने रांगेत उभी राहते. समोरची खरेदी सापडली की सौदा झाला. घेणारा कोण आणि विकणारा कोण हे दोघांनाही कळत नाही, कारण क्लिअरिंग कॉर्पोरेशन नावाची संस्था मध्ये उभी राहून प्रत्येक विकणाऱ्यापुढे घेणारी आणि प्रत्येक घेणाऱ्यापुढे विकणारी होते. मंदीवाल्याची शरम अशा रीतीने तांत्रिक सुधारणेने नाहीशी झाली. जे नाही ते विकताना समोर कोणी नसेल, तर संकोच कोणाचा करावयाचा, हा प्रश्न उरतो आणि ॲपमध्ये त्याची तरतूद नाही. यंत्राला हेतू तर मुळीच कळत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली पेढीच्या चुकीच्या ऑर्डरींमुळे साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक किमतीची विक्री झाली, निफ्टी हा निर्देशांक क्षणार्धात सुमारे नऊशे अंशांनी खाली गेला आणि बाजार पंधरा मिनिटे थांबला. मुंबईने पाहिलेली ही सर्वांत झंझावाती मंदी एकाही मंदीवाल्याच्या मनात आलेली नव्हती.

या सुधारणेतून निर्माण झालेल्या किरकोळ मंदीवाल्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. सकाळच्या उपनगरी गाडीत डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळ टाळ कुटत असते, आणि दुसऱ्या टोकाला एका हाताने कडी व दुसऱ्या हाताने फोन धरून तो एका मोठ्या बँकेचे दोनशे शेअर प्रत्येकी पाचशे रुपयांना विकतो. लाख रुपयांच्या या विक्रीसाठी त्याला वीस हजार रुपये पुरतात, कारण दिवसाअखेर मिटवावयाच्या सौद्यांना पाचपट मोकळीक नियमाने मान्य आहे. विक्री होताच पडद्यावर 'पोझिशन' या मथळ्याखाली उणे दोनशे असा आकडा उमटतो. या आकड्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. भारतीय तत्त्वज्ञानाने शून्यापर्यंत मजल मारली आणि तेथे समाधान मानले. विमा कंपनीतील एक वरिष्ठ कारकून ठाणे ते मुलुंड या प्रवासात शून्याच्याही पलीकडे जाऊन उणे दोनशे शेअरचा धनी होतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचे कोणतेही तेज दिसत नाही.

त्या क्षणापासून त्याच्या स्वभावात बदल होऊ लागतो. अमेरिकेत बेकारी वाढली, आखातात क्षेपणास्त्र पडले, हवामान खात्याने पाऊस सरासरीपेक्षा कमी सांगितला, अशा बातम्यांनी इतरांच्या कपाळाला आठ्या पडतात तेव्हा याचा चेहरा खुलतो. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या पत्रकार परिषदेत त्यांनी पाण्याचा घोट घेतला तरी त्याला त्यात आशेचा किरण दिसतो. वास्तविक ज्या बँकेचे शेअर त्याने विकले तिच्याशी त्याचे काही वाकडे नसते. त्याचा पगार तिथेच जमा होतो, घराचे कर्ज तिथलेच असते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणुकीचे, पाच हजार रुपये निर्देशांकावर आधारलेल्या ज्या फंडात जातात, त्या फंडातही तीच बँक ठळकपणे असते. म्हणजे निवृत्तीच्या काळासाठी ती बँक वर जावी आणि साडेतीन वाजेपर्यंत ती खाली यावी, अशा दोन इच्छा एकाच फोनमध्ये शेजारी शेजारी नांदतात. त्याच्या मंदीमागचे कारण विचारले असता तो आलेखातील 'डोके आणि खांदे' या आकृतीकडे बोट दाखवतो. मधले शिखर उंच आणि दोन्ही बाजूंची बेताची असली की भाव पडतो, असे हे शास्त्र सांगते. ज्याला डोके दिसले त्याला खांदे दिसतातच, आणि खांदे नीट दिसत नसतील तर आलेख पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांचा करून पाहिला जातो.

भाव त्याच्या मनाविरुद्ध वर जाऊ लागला तर काय करावे, याचीही योजना शास्त्राने केलेली आहे. 'स्टॉप लॉस' म्हणजे ठरावीक तोटा होताच सौदा आपोआप मिटवणारी आगाऊ ऑर्डर. दोनशे शेअर पाचशेला विकले असतील, तर पाचशे पाच रुपयांना ते परत घ्यावेत असे यंत्राला सांगून ठेवता येते आणि तोटा हजार रुपयांवर अडतो. ही ऑर्डर प्रत्येक मंदीवाला न चुकता लावतो. भाव पाचशे चारवर आला की तो ती पाचशे आठवर सरकवतो, पाचशे सातवर आला की पाचशे बारावर, आणि त्यानंतर ती काढून टाकून आणखी शंभर शेअर विकतो, ज्यायोगे विक्रीचा सरासरी भाव सुधारतो व बुडत्याचा पाय अधिक शास्त्रशुद्ध रीतीने खोलात जातो. उलट अंदाज बरोबर आला तरी हिशेब सोपा नसतो. सवलतीच्या दरात काम करणारे अनेक दलाल अशा दर ऑर्डरीमागे जास्तीत जास्त वीस रुपये घेतात, म्हणजे जाताना वीस आणि येताना वीस. विक्रीवर रोखे व्यवहार कर पंचवीस रुपये, आणि त्यापुढे बाजाराचा आकार, मुद्रांक शुल्क व वस्तू-सेवा कर धरून बेरीज ऐंशीच्या पुढे जाते. भाव चाळीस पैशांनी पडला तर मंदीवाल्याचे भाकीत खरे ठरते, बँकेचे बाजारमूल्य कोट्यवधींनी घटते, आणि दोनशे शेअरमागे मिळालेले ऐंशी रुपये दलाल व सरकार आपसांत वाटून घेतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे प्रमाण त्या मानाने काटकसरीचे म्हणावे लागेल.

दुपारी सव्वातीन वाजल्यापासून दलालाचे यंत्र हालचाल करू लागते. ज्यांनी स्वतःहून सौदे मिटवलेले नाहीत त्यांचे सौदे ते चालू भावाने मिटवते आणि त्याबद्दल बहुधा वेगळा आकारही लावते. यालाच ऑटो स्क्वेअर ऑफ म्हणतात. यंत्रापुढे विनवणी चालत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये बैठक चालू होती किंवा गाडी बोरघाटाच्या बोगद्यात होती, ही कारणे ऐकून घेण्याची यंत्राला सोय नाही. मात्र या वेळापत्रकावर भिस्त ठेवणाऱ्यांची एकदा विलक्षण परीक्षा झाली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. साडेतीनला बाजार बंद होणार या हिशेबाने अनेक दलालांनी ग्राहकांचे अडकलेले सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले, आणि मग राष्ट्रीय बाजार पावणेचारला पुन्हा उघडून पाचपर्यंत चालेल असे जाहीर झाले. सेन्सेक्स त्या दिवशी हजारांहून अधिक अंशांनी चढला. देशाने दीड तास जादा आशावाद अनुभवला, आणि ज्यांचा निराशावाद सक्तीने आधीच आटोपला गेला होता त्यांना हे दृश्य चहाच्या कपासह पाहावे लागले. ज्यांचा आटोपला गेला नव्हता त्यांचा चहा गार झाला असावा.

याहून गंभीर प्रसंग अप्पर सर्किटचा. बऱ्याचशा शेअरांना एका दिवसात किती चढावे-उतरावे याची मर्यादा, उदाहरणार्थ पाच, दहा किंवा वीस टक्के, घालून दिलेली असते. भाव वरच्या मर्यादेला टेकला की घेणाऱ्यांची रांग लागते आणि विकणारा कोणीच राहत नाही. अशा शेअरमध्ये मंदी करून बसलेल्याला साडेतीनपर्यंत एकही शेअर परत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी, कारण २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांचे सौदे पुढच्याच दिवशी पुरे करण्याची पद्धत लागू आहे, त्याने ते शेअर खरोखरीच द्यावयाचे असतात आणि ते त्याच्यापाशी नसतात, ही गोष्ट आता उघडकीला येते. मग बाजार त्याच्या वतीने लिलाव, म्हणजे ऑक्शन, पुकारतो आणि मिळेल त्या भावाने शेअर घेऊन खऱ्या खरेदीदाराला देतो. लिलावातही विकणारा भेटला नाही तर सौद्याच्या दिवसापासूनचा सर्वांत चढा भाव किंवा बंद भावावर वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्या दराने पैसे वळते होतात. आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला मजेखातर विकलेल्या वस्तूचा पत्ता शोधण्यासाठी देशातील एवढी मोठी यंत्रणा राबते, याचे श्रेय मात्र कोणी मंदीवाल्याला देत नाही.

ज्यांना एका दिवसापेक्षा अधिक काळ निराश राहावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, त्यात निदान काही लाखांचा सौदा करावा लागतो. दुसरा मार्ग शेअर उसने घेण्याचा. २० डिसेंबर २००७ च्या परिपत्रकाने सेबीने सर्व प्रकारच्या गुंतवणूकदारांना मंदीची मुभा दिली आणि २१ एप्रिल २००८ पासून शेअर भाड्याने देण्या-घेण्याची व्यवस्था सुरू झाली. येथे मराठी गृहस्थाश्रमाचा एक जुना संस्कार आड आला. शेजारी दिलेले पातेले आपलेच परत यावे म्हणून भांड्यावर नाव घालण्याची रीत ज्या घरात आहे, त्या घरातील माणूस आपले शेअर अनोळखी इसमास, तेही त्यांचा भाव पाडण्याच्या कामी, भाड्याने देईल ही कल्पनाच धाडसी होती. त्यातून डीमॅट खात्यातल्या शेअरांवर नाव सोडाच, क्रमांकही नसतो, त्यामुळे परत आले ते आपलेच की दुसऱ्याचे याची शहानिशा करता येत नाही. त्याच परिपत्रकाने आणखी एक मौज केली. म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार अशा संस्थांना मंदी करता येते, पण त्यांना त्याच दिवशी सौदा मिटवण्यास मनाई आहे. म्हणजे छोट्या माणसाने संध्याकाळच्या आत मत बदललेच पाहिजे आणि मोठ्या संस्थेने संध्याकाळच्या आत मत बदलताच कामा नये. शिवाय जानेवारी २०२४ पासून संस्थेने ऑर्डर देतानाच आपली विक्री मंदीची आहे हे सांगावयाचे असते, किरकोळ गुंतवणूकदाराने ते बाजार बंद होईपर्यंत सांगितले तरी चालते. सव्वातीनपर्यंत तर पुष्कळांना आपण नेमके काय केले आहे हे स्वतःलाही कळलेले नसते, त्या दृष्टीने ही सवलत दूरदृष्टीची आहे.

मोठ्यांची फजिती मोठी असते, एवढे सांगून परदेशाकडे ओझरते पाहिले तरी पुरे. ऑक्टोबर २००८ मध्ये पोर्शे कंपनीने फोक्सवॅगनचे सुमारे पाऊणशे टक्के शेअर आपल्या मुठीत असल्याचे एका रविवारी जाहीर केले. वीस टक्के लोअर सॅक्सनी या राज्याकडे होते, म्हणजे बाजारात उरले सुमारे सहा टक्के, आणि मंदीवाल्यांनी विकून ठेवले होते त्याच्या दुप्पट. दोनशे युरोंच्या आसपासचा शेअर मंगळवारी हजार युरोंपलीकडे गेला आणि जगभर गाड्यांचा खप घटत असताना ही मोटार कंपनी काही काळ जगातील सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीचे, बाजारात फिरत होते त्याहून अधिक शेअर मंदीत विकले गेलेले आढळले. वीस डॉलरच्या आतला भाव महिनाभरात ४८३ डॉलरपर्यंत चढला, आणि ऐन त्या दिवशी काही ऑनलाइन दलालांनी ग्राहकांना हा शेअर विकता येईल, घेता येणार नाही, असे सांगितले. मंदीवाल्याच्या मदतीला दलाल धावून आल्याचा हा प्रसंग दुर्मिळ खरा, परंतु त्यामागे प्रेम नव्हते, क्लिअरिंग संस्थेने मागितलेल्या वाढीव तारणाची रक्कम होती.

भारतातील किरकोळ मंदीवाल्याला एवढी भव्य फजिती परवडत नाही. तो ती हप्त्याहप्त्याने करून घेतो. सेबीच्या जुलै २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोख बाजारात दिवसाअखेर सौदे मिटवणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण दहात आठ होते, म्हणजे सरावाने या कलेत प्रगती होते खरी, फक्त तिची दिशा वेगळी असते. या मंडळींत तिशीच्या आतल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये १८ टक्के होता, तो ४८ टक्क्यांवर गेला. हे आकडे तेजी व मंदी या दोन्ही पंथांचे मिळून आहेत. तोट्याच्या बाबतीत दोघांत भेदभाव करावा असे सेबीलाही वाटलेले दिसत नाही.

आयकर खात्याचे मात्र वेगळे आहे. दिवसात उलटवलेल्या शेअरांतून झालेला नफा-तोटा हे खाते सट्ट्याच्या धंद्यातील उत्पन्न मानते आणि विवरणपत्र मुदतीत भरले तर तो तोटा पुढील चार वर्षे ओढून, त्या काळात होणाऱ्या सट्ट्याच्या नफ्यातून वजा करू देते. मंदीवाल्याला चार वर्षांत नफा होईल, असा लेखी भरवसा बाळगणारे हे देशातील बहुधा एकमेव सरकारी खाते असावे. त्यासाठी पगारदारांचा सोपा अर्ज सोडून धंदेवाल्यांचा लांबलचक आयटीआर-३ भरावा लागतो. आजोबा तलाठी, वडील मुख्याध्यापक आणि स्वतः विमा कंपनीत वरिष्ठ कारकून अशा सरळ नोकरदार घराण्यातील पहिला व्यापारी म्हणून त्याची नोंद सरकारदप्तरी होते, ती या अर्जात, आणि तीही तोट्याच्या रकान्यात.